शैक्षणिक संशोधनाचा आराखडा : एका शिक्षकाचा अनुभव

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)

ले. : माध्यमिक शाळेतील एक सहाय्यक शिक्षक, बी.ए., बी.एड.



दोन वर्षांपूर्वी मी दूरशिक्षणाने शिक्षणशास्त्रात एम.ए. करण्यासाठी नाव नोंदविले, तेव्हा अनेक हितचिंतकांनी मला विचारले, "सर, बी.एड. झाले, नोकरी कायम झाली, घरी दोन मुले आहेत. आता हे कशासाठी?" त्या वेळी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. आज मंडळाने मला पंचवीस मिनिटे दिली आहेत, तेव्हा खरे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

या अभ्यासक्रमात प्रत्येकाला एक लघुसंशोधन करून प्रबंधिका सादर करावी लागते आणि तत्पूर्वी तिचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. माझा आराखडा तिसऱ्या खेपेला मंजूर झाला. पहिल्या दोन खेपांत मी काय चुकलो आणि त्या चुकांतून काय शिकलो, एवढेच मला सांगायचे आहे. विषय कोरडा वाटेल. पण तो तुमच्या मुलांविषयी आहे आणि काही अंशी तुमच्याविषयीही आहे, म्हणून थोडा धीर धरावा ही विनंती.

प्रथम एका मुलाची हकिगत सांगतो. नाव सांगत नाही. उर्दू शाळेतून सातवी पास होऊन तो आमच्याकडे आठवीला आला. स्वभावाने शांत, पण गणिताच्या तासाला खाली मान घालून बसायचा. नववीत तो गणितात नापास झाला आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला : "गणितात अत्यंत कच्चा. घरी लक्ष द्यावे." त्यानंतर तो शाळेत आला नाही. दीड-दोन वर्षांनी मासळी बाजारात तो मला एका विक्रेत्याच्या हाताखाली काम करताना दिसला. एका गिऱ्हाइकाने किलोला 180 रुपयांप्रमाणे साडेसात किलो मासळी घेतली. कागद नाही, यंत्र नाही, मासळी पिशवीत पडण्याआधी या मुलाने सांगितले, "तेराशे पन्नास." मी मनात हिशेब करीत होतो. माझा गुणाकार अजून अर्ध्यावरच होता.

त्याने मला सलाम केला. मी घरी आलो तो अस्वस्थ होऊन. जो मुलगा गणितात अत्यंत कच्चा, त्याला हे कसे आले? आणि याला हे येत असेल, तर मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर लिहिले ते काय होते? संशोधनाचे बीज त्या दिवशी पडले. परंतु बीज पडणे वेगळे आणि त्याचा आराखडा होणे वेगळे, हे मला पुढे कळले.

माझ्या पहिल्या आराखड्याचे शीर्षक ऐकून तुम्हाला कौतुक वाटेल : "मुस्लिम समाजातील शैक्षणिक मागासलेपणाची कारणे व त्यावरील उपाययोजना : एक चिकित्सक अभ्यास." उद्दिष्टे बारा लिहिली होती. गरिबी, पालकांची अनास्था, मुलींची गळती, शिक्षकांची कमतरता, शासनाचे धोरण, काहीही सुटले नव्हते. मार्गदर्शक बाईंनी तो शांतपणे वाचला आणि मला तीन प्रश्न विचारले. पहिला : हा अभ्यास नेमका कोणाचा? दुसरा : तुमच्याजवळ आठ महिने आणि एक सायकल आहे, त्यात हे कसे बसणार? तिसरा : तुम्ही चुकलात, हे तुम्हाला कशावरून कळेल?

पहिल्या दोन प्रश्नांनी मी ओशाळलो. तिसऱ्याने मात्र मला कोड्यात टाकले. मी चुकेन कसा? समाज मागासलेला आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. कारणेही सर्वांना ठाऊक आहेत. बाई म्हणाल्या, "सर्वांना ठाऊक असेल, तर संशोधन कशाला करता? लेख लिहा." तो आराखडा तेथेच संपला.

सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट मोजून पाहिली म्हणजे काय होते, याचे एक ठळक उदाहरण आपल्याच समाजाविषयीचे आहे. मुस्लिम मुले शाळेत न जाता मदरशात जातात, असे वर्षानुवर्षे बोलले जात होते. 2005 साली केंद्र सरकारने न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल नोव्हेंबर 2006 मध्ये आला. शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे 3 टक्केच मुले मदरशात जातात, असे त्यात आढळले. म्हणजे ज्या कारणावर इतकी वर्षे चर्चा झाली, ते शंभरातील तिघांनाच लागू होते. उरलेल्या सत्त्याण्णवांचे काय, हा खरा प्रश्न त्या गोंगाटात मागे पडला होता.

दुसऱ्या खेपेला मी विषय लहान केला : "आपल्या तालुक्यातील आठवी-नववीतील विद्यार्थ्यांच्या गणितातील अपयशास पालकांची अनास्था कितपत कारणीभूत आहे?" मी पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. एक प्रश्न असा होता : "आपण पाल्याच्या अभ्यासाकडे नियमित लक्ष देता काय? होय/नाही." ती छापून घेतली आणि घरोघरी हिंडलो. जवळजवळ सर्वांनी 'होय'वर खूण केली. आता मला सांगा, दारात पोराचा मास्तर उभा असताना 'नाही' असे कोण लिहील?

त्या फेरीत मी एका खलाशाच्या घरी गेलो. गृहस्थ आठ-दहा दिवस समुद्रावर असतात; त्या दिवशी योगायोगाने घरी होते. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "सर, हा कागद मराठीत आहे. मी घरी नसतो. पोराचा अभ्यास त्याची अम्मी बघते. तिला उर्दू चांगले वाचता येते, हे येत नाही. ती रोज रात्री पोराला घेऊन बसते. पण पुस्तकच तिच्या हातातून गेले आहे. आता तुम्ही विचारता, लक्ष देता का. हा सवाल आहे की इम्तिहान?"

बंधू-भगिनींनो, मी त्यांच्याकडे पाहात राहिलो. माझ्या प्रश्नावलीत त्या माउलीला कोठेच जागा नव्हती. 'होय' म्हटले तरी खोटे आणि 'नाही' म्हटले तरी खोटे. जिला मी अनास्था म्हणत होतो, ती मी न मोजताच गृहीत धरली होती आणि प्रश्न असे बेतले होते की, उत्तर काहीही आले तरी दोष पालकांच्याच पदरात पडावा. येथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरी मी तो कागद घेऊन आलो होतो. त्याबद्दल आज जाहीरपणे क्षमा मागतो.

परंतु त्या खलाशी बंधूंनी नकळत मला माझा विषय देऊन टाकला. 'पुस्तकच तिच्या हातातून गेले आहे' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुस्तक आईच्या हातातून गेले, तसे ते मुलाच्याही हातातून गेले नसेल काय? सातवीपर्यंत जो मुलगा 'मुसल्लस' आणि 'मुरब्बा' शिकला, तो आठवीत आमच्याकडे 'त्रिकोण' आणि 'चौरस' ऐकतो. त्याचा 'ज़ाविया' येथे 'कोन' होतो, 'रक़बा' येथे 'क्षेत्रफळ' होतो, 'फ़ीसद' येथे 'शेकडा' होतो. मराठी तो विषय म्हणून शिकलेला असतो, बाजारात तर सफाईने बोलतो. पण बाजारात 'अनुक्रमे' हा शब्द कोणी वापरत नाही, आणि गणिताच्या पुस्तकात तो वारंवार येतो.

आता येथे नवशिक्या संशोधकाला एक मोह होतो. नवे कारण सापडल्याच्या आनंदात तो जुने कारण टाकून देतो आणि नव्याला चिकटतो. मीही बाईंना सांगितले, "बाई, कळले. दोष भाषेचा आहे." त्या म्हणाल्या, "काल दोष पालकांचा होता, आज भाषेचा झाला. कळले कशावरून? आधी दुसऱ्यांनी काय पाहून ठेवले आहे, ते वाचून या."

पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे प्रबंधिकेतील एक कंटाळवाणे प्रकरण, अशी माझी समजूत होती. आपल्या देशात शिक्षणविषयक संशोधनाचे सार एकत्र करण्याचे मोठे काम प्रा. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली झाले. त्याचा पहिला खंड 1974 साली बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्राने प्रसिद्ध केला. आज तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध घरबसल्या, विनामूल्य वाचता येतात. मी रात्री जेवणानंतर ते वाचू लागलो. दुसऱ्याने जो खड्डा खणून पाहिला, त्यातच आपण पुन्हा पडू नये, हा त्याचा पहिला उपयोग. दुसरा उपयोग असा की, कधी कधी आपल्याला हवे ते हत्यार कोणीतरी आधीच घडवून ठेवलेले असते.

मला ते हत्यार ऑस्ट्रेलियात सापडले. अ‍ॅन न्यूमन यांनी 1977 साली सहावीच्या मुलांच्या गणितातील लेखी चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, शाब्दिक उदाहरण सोडविताना मुलाला पाच पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली, उदाहरण वाचणे. दुसरी, ते समजणे. तिसरी, शब्दांचे गणितात रूपांतर करणे, म्हणजे येथे बेरीज करायची की गुणाकार, हे ठरविणे. चौथी, प्रत्यक्ष आकडेमोड. पाचवी, आलेले उत्तर योग्य रीतीने मांडणे. मूल कोणत्याही पायरीवर घसरले तरी आपल्या वहीत चूक एकच दिसते. आपण लाल शाईने फुली मारतो आणि पुढे जातो. न्यूमन यांच्या पद्धतीत मुलाला पुढ्यात बसवून विचारतात : हे मोठ्याने वाच. यात काय विचारले आहे? तू हे कसे करणार? करून दाखव. आता उत्तर लिही. एवढे साधे पाच प्रश्न. बारा वर्षांच्या नोकरीत मी एकाही मुलाला ते अशा क्रमाने विचारले नव्हते.

या वाचनानंतर माझा तिसरा आणि शेवटचा प्रश्न तयार झाला. तो असा : "उर्दू माध्यमातून सातवी पूर्ण करून मराठी माध्यमाच्या आठवीत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या शाब्दिक उदाहरणांतील चुका प्रामुख्याने कोणत्या पायरीवर होतात?" समाज गेला, मागासलेपण गेले, उपाययोजना गेली. एक इयत्ता राहिली, एक विषय राहिला, त्यातीलही एक प्रकारची उदाहरणे राहिली. मला वाटले, बाई म्हणतील, हे फारच लहान झाले. त्या म्हणाल्या, "आता सायकलवर बसेल."

प्रश्न ठरला म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे उत्तर प्रामाणिकपणे मिळेल अशी व्यवस्था करणे. घर बांधण्यापूर्वी नकाशा काढतात, तोच हा आराखडा. त्यातील चार-पाच गोष्टी थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुलना. नुसती मराठी प्रश्नपत्रिका देऊन मुले चुकली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तीच उदाहरणे तीन रूपांत द्यायची : मराठीत, उर्दूत आणि शब्दांविना नुसत्या आकड्यांत. नुसत्या आकड्यांतही मूल चुकले, तर आकडेमोडच कच्ची. आकडे जमले, उर्दू जमले आणि मराठीत अडले, तर भाषेचा संशय बळावतो. उर्दूतही अडले, तर माझी कल्पना चुकीची आणि गणिताच्या अध्यापनाकडे, म्हणजे आम्हा शिक्षकांकडेच पाहावे लागेल. बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. मी चुकलो तर कशावरून कळेल, हे आता आधीच लिहून ठेवलेले आहे.

याखेरीज पहिलीपासून मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांचाही एक गट घ्यायचा. 'अनुक्रमे' या शब्दावर तीही अडखळली, तर अडचण उर्दूवाल्यांची नव्हे. ती पुस्तकी मराठीची आहे आणि सर्वांचीच आहे. हा गट मला सुचला नव्हता. माझा सगळा कल उर्दू शाळेतून आलेल्या मुलांकडे होता. पण दुसऱ्याकडे पाहिल्याशिवाय आपली अडचण आपलीच आहे की सार्वत्रिक, हे कळत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. सर्वांनी आधी मराठी आणि मग उर्दू पत्रिका सोडविली, तर दुसऱ्या वेळेस सराव झाल्यामुळे उर्दूचे गुण आपोआप वाढतील आणि मी आनंदाने फसेन. म्हणून सारख्याच काठिण्याचे दोन संच करायचे, चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, निम्म्या मुलांना उर्दू आधी आणि निम्म्यांना मराठी आधी द्यायचे. कोणता संच कोणत्या भाषेत, हेही आलटून-पालटून ठेवायचे. नुसत्या आकड्यांची पत्रिका सर्वांना शेवटी. भाषांतरही तपासायचे : एका शिक्षकाने मराठीचे उर्दू करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचे पुन्हा मराठी करायचे आणि दोन्ही मराठी समोरासमोर ठेवून पाहायचे.

तिसरी गोष्ट म्हणजे कोणती मुले घ्यायची. वर्गात हजर असतील ती मुले घेणे सोपे. पण ज्यांना सर्वांत जास्त अडचण आहे, ती त्या दिवशी गैरहजर असण्याचाच संभव जास्त. 1995 साली मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने 2005 पासून 'असर' हे सर्वेक्षण चालविले. त्यात ग्रामीण जिल्ह्यातून 30 गावे आणि प्रत्येक गावातून 20 घरे, अशी 600 घरे निवडून मुलांची वाचनाची व गणिताची साधी चाचणी घेण्याची रीत बसविली. ही चाचणी शाळेत न घेता घरी जाऊन घेतात. कारण शाळेत न येणारे मूलही त्यात आले पाहिजे. हे वाचल्यावर मी माझ्या आराखड्यात एक ओळ घातली : गैरहजर विद्यार्थ्यांची चाचणी पुढील आठवड्यात, आवश्यक तर घरी जाऊन घेतली जाईल. मासळी बाजारातील तो मुलगा माझ्या वर्गातल्या चाचणीत कधीच आला नसता.

चौथी गोष्ट संमतीची. मीच त्यांचा शिक्षक. मी म्हटले, "बाळ, भाग घेशील ना?" तर तो नाही कसे म्हणेल? म्हणून चाचणी माझ्या वर्गात न घेता दोन दुसऱ्या शाळांत घ्यायची. पालकांना पत्र उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत द्यायचे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचे. मुलाच्या नावाऐवजी क्रमांक. गुणांचा निकालाशी काहीही संबंध नाही. नको वाटले तर मध्येच उठून जाण्याची मोकळीक. ही सौजन्याची बाब तर आहेच. शिवाय घाबरलेले मूल जे उत्तर देते ते भीतीचे असते, गणिताचे नसते, म्हणून ती संशोधनाच्या खरेपणाचीही बाब आहे.

पाचवी गोष्ट पूर्वचाचणीची. छापण्यापूर्वी हत्यार घासून पाहावे, हे प्रश्नावलीच्या वेळी मी केले नव्हते. या वेळी बारा मुलांवर करून पाहिले. एक उदाहरण असे होते : "एका लाँचवर 6 खलाशी आहेत. त्यांना प्रत्येकी 450 रुपये मजुरी दिली व डिझेलसाठी 1800 रुपये लागले, तर एकूण खर्च किती?" उत्तर 4500 रुपये. एका मुलीने 2250 लिहिले. पूर्वी मी फुली मारली असती. या वेळी न्यूमनबाईंचे प्रश्न विचारले. तिने उदाहरण न अडखळता वाचले. मी विचारले, "प्रत्येकी म्हणजे काय?" ती म्हणाली, "सगळ्यांना मिळून." आता पाहा, 'सगळ्यांना मिळून 450' असे धरले, तर 450 आणि 1800 मिळून 2250 हेच बिनचूक उत्तर आहे! तिची बेरीज बरोबर, तिचा विचार बरोबर. एक शब्द तेवढा तिला कोणी दिला नव्हता. तेच उदाहरण उर्दूतून 'हर एक को' असे सांगितले, तेव्हा तिने सहांनी गुणून क्षणात 4500 सांगितले.

मला अत्यानंद झाला. दुसऱ्याच दिवशी एका मुलाने तो आनंद जमिनीवर आणला. त्याला उदाहरण उर्दूत दिले तरी जमेना, आकड्यांत दिले तरी जमेना. त्याचा हातच्याचा घोटाळा होता, आणि तो बहुधा तिसरी-चौथीपासूनचा. भाषा बदलून त्याचे काहीच भले होणार नव्हते. बारा मुलांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, आणि मी तो काढत नाही. एवढेच म्हणतो की, या दोन मुलांच्या वहीत मी सारखीच फुली मारली असती आणि दोघांच्या प्रगतिपुस्तकावर एकच शेरा लिहिला असता. दोघांची औषधे मात्र सर्वस्वी निराळी आहेत.

मित्रहो, पालकांनो, कित्येकांच्या मनात असेल की, एवढ्या खटाटोपाने समाजाचा काय फायदा? एका इयत्तेच्या एका विषयातील एका प्रकारच्या चुकांनी कोणते मागासलेपण जाणार आहे? हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, मोठ्या प्रश्नावर आपण पुष्कळ भाषणे ऐकली; मीही पुष्कळ केली. त्यांतून 'समाजाने जागे व्हावे' यापलीकडे उद्या सकाळी काय करायचे, ते निघत नाही. लहान प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर उद्या सकाळी काहीतरी करता येते. समजा, अडचण शब्दांचीच निघाली, तर आठवीच्या पहिल्या महिन्यात दोनशे शब्दांची उर्दू-मराठी गणित-शब्दावली आणि रोज वीस मिनिटे, एवढ्यावर काम भागेल; त्याला ना अनुदान लागेल, ना परवानगी. अडचण आकडेमोडीची निघाली, तर शब्दावली छापून पैसे वाया घालवू नयेत, हे तरी कळेल.

'कृतिसंशोधन' हा शब्द आम्ही बी.एड.ला पाठ केला होता. पण तो कोठून आला, हे मला आता कळले. नाझी राजवटीमुळे 1933 साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1946 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषयच मुळी कृतिसंशोधन आणि अल्पसंख्याकांचे प्रश्न असा होता. पुढे 1953 साली स्टीफन कोरी यांनी शाळेतील शिक्षकांनी स्वतःच्या कामावर संशोधन कसे करावे, यावर पुस्तक लिहिले आणि हा विचार शाळांत रुजला. अल्पसंख्य समाजाच्या अडचणीवर उपाय करायचा, तर आधी ती नीट पाहा, थोडे करून बघा, काय झाले ते मोजा आणि मग पुढचे पाऊल टाका, असा त्याचा मथितार्थ.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी काहीजण पुढे एम.ए., एम.एड. कराल. त्यांना माझे सांगणे तीन वाक्यांत आहे. ज्या गोष्टीने तुमची झोप उडाली असेल तेथून विषय घ्या. दुसऱ्याच्या प्रबंधिकेच्या शीर्षकातील गावाचे नाव बदलून घेऊ नका. प्रश्न इतका लहान करा की, त्याचे उत्तर 'होय' आले की 'नाही' आले, हे तुमच्या विरोधकालाही मान्य करावे लागेल. आणि आपण कशामुळे चुकीचे ठरू, ते माहिती गोळा करण्याआधी कागदावर लिहून ठेवा. नंतर लिहायला मन धजत नाही.

पालकांना एक विनंती. पुढील सत्रात आठवीतील काही मुलांच्या घरी उर्दू-मराठी पत्र येईल. ते वाचा, शंका विचारा, आणि पटले नाही तर निःसंकोच नकार द्या. या वेळी तो सवालच आहे, इम्तिहान नाही. आणि एरवीही तुमच्या मुलाच्या वहीत लाल फुली दिसली, तर त्याला रागावण्यापूर्वी एकदा जवळ बसवून विचारा, "यात काय विचारले आहे, मला सांग बरे." तुम्हाला मराठी येत नसेल, तर त्याने उर्दूत सांगावे. त्याला सांगता आले, तर तो शिकू शकतो. सांगता आले नाही, तर आम्हा शिक्षकांकडे या आणि तो कोणत्या पायरीवर अडला आहे, ते आम्हाला विचारा. हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि याचे उत्तर आम्हाला आले पाहिजे.

राहता राहिला मासळी बाजारातील तो मुलगा. गेल्या महिन्यात त्याची भेट घेतली. त्याच्या प्रगतिपुस्तकावरचा माझा शेरा चुकीचा होता, हे मी त्याला सांगितले. तो हसला, म्हणाला, "सर, ते पुस्तक केव्हाच हरवले." सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसता येते, हे त्याला ठाऊक नव्हते. अर्जाचे कागद मी त्याच्या अम्मीकडे दिले आहेत. तो बसेल की नाही, मला माहीत नाही. त्याने मनावर घेतले, तर 'प्रत्येकी' आणि 'अनुक्रमे' शिकविण्याचे काम माझ्याकडे आहे.